उसनी अक्षरे : डायनॅमिक फॉन्टच्या निवृत्तीविषयी

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक १८३२च्या 'दर्पण'पासून प्रारंभ करतात, शिळाप्रेसवरून खिळ्यांवर झालेल्या स्थित्यंतराची सविस्तर नोंद घेतात, आणि आंतरजालापाशी आले की मात्र एकाएकी घाईत येतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मराठी आंतरजालावर आली, एवढ्या एका वाक्यात ते प्रकरण आटोपते. ती कोणत्या अक्षरांत आली, ती अक्षरे कोणाच्या मालकीची होती आणि पुढे त्यांचे काय झाले, हे सहसा विचारले जात नाही. छापखान्याच्या बाबतीत हेच प्रश्न आपण आवर्जून विचारतो. १८१० साली विल्यम केरीने आपला मराठी कोश मोडीच्या खिळ्यांत का छापला आणि नंतरची छपाई बाळबोधीत का स्थिरावली, यावर आपल्याकडे रीतसर चर्चा झालेली आहे. संगणकावरील अक्षरांच्या वाट्याला मात्र तंत्रज्ञांची परिभाषा येते, आणि वाङ्मयाचे अभ्यासक त्या वाटेला जात नाहीत.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका लहानशा सोयीचा इतिहास मांडू इच्छितो. 'डायनॅमिक फॉन्ट' हे तिचे नाव. १९९७पासून पुढली सुमारे दहा वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे तिच्यावर विसंबून होती. नंतर ती सोय जुनी झाली, आणि जुन्या झालेल्या प्रत्येक साधनाबाबत उभा राहतो तो प्रश्न तिच्याबाबतही उभा राहिला : दुरुस्त करायची की निवृत्त करायची? ह्या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी दिले. त्या दहा वर्षांत लिहिलेल्या मराठी मजकुराचे काय होईल, हा विचार त्यांपैकी फार थोड्यांच्या उत्तरांत होता, असे आमचे मत आहे.

आधी पार्श्वभूमी. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. एका बाइटात अशा क्रमांकांच्या २५६ जागा मावतात. त्यांतील पहिल्या १२८ जागा रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे इत्यादींनी आधीच व्यापलेल्या होत्या. भारतीय लिपींसाठी उरलेल्या जागांचा उपयोग करणारी 'इस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली १९८८ साली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला मान्यताही मिळाली. म्हणजे प्रमाण नव्हते असे नाही. पुण्याच्या सी-डॅकची उत्पादने तिच्यावर चालत होती. परंतु बाजार निराळ्या दिशेने गेला. पुस्तके, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वृत्तपत्रे यांचे अक्षरजुळणीचे काम ज्या परदेशी आज्ञावलींवर चालत असे, त्यांना रोमनखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांना फसवणे भाग होते. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटावे की आपण इंग्रजी लिहीत आहोत, आणि कागदावर मात्र मराठी उमटावी.

'तुकडे' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याच्या पेटीत अक्षरांचे भाग वेगळाले असत. अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या, रफार अशा भागांतून तो शब्द बांधीत असे. संगणकावरील फॉन्टांनी हीच रीत उचलली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, घरोघरी पोचलेला शिवाजी, हिंदीकडील कृतिदेव असे फॉन्ट होते आणि त्यांच्या पेट्यांची मांडणी ज्याची त्याची होती. एकात 'क' ज्या क्रमांकावर, दुसऱ्यात तेथे उकार. कागदावर छापून झाले की ह्या विसंगतीशी कोणाला कर्तव्य नसे. वाचकाच्या हाती छापलेले पान येई, क्रमांक येत नसत.

आंतरजालावर नेमके उलटे घडते. तेथे वाचकाकडे क्रमांक जातात आणि त्यांचे अक्षर वाचकाच्या संगणकाने बनवायचे असते. ज्याच्याकडे तो विशिष्ट फॉन्ट नाही, त्याला मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा, टक्क्यांच्या नि डॉलरच्या चिन्हांचा ढीग दिसे. म्हणून मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर 'फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची. तो उतरवायचा, योग्य त्या ठिकाणी ठेवायचा, आणि मग परत यायचे. प्रत्येक स्थळाचा फॉन्ट वेगळा. कचेरीच्या संगणकावर किंवा सायबर कॅफेत तर असे काही बसवून घेण्याची मुभाही बहुधा नसे. आखाती देशांत वा अमेरिकेत बसून गावाकडची बातमी वाचू पाहणाऱ्या माणसाला ही यातायात सोसावी लागत होती, आणि तरीही तो ती सोसत होता, हे विसरू नये.

डायनॅमिक फॉन्ट आला तो ह्या अडचणीवर. १९९७ साली नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट ह्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या ब्राउझरांची चौथी आवृत्ती आली आणि दोहोंत एक नवी सोय होती : पान उघडताना पानासोबत त्याचा फॉन्टही आपोआप यावा, आणि वाचकाला काहीही करावे लागू नये. अक्षरे पाहुण्यासारखी येत, आपले पान वाचून झाले की निघून जात. कल्पना एकच असली तरी रीती दोन होत्या. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीची पद्धत घेतली, मायक्रोसॉफ्टने स्वतःची काढली. एकीची फाइल दुसरीला चालत नसे. त्यामुळे ज्या संकेतस्थळाला दोन्हीकडचे वाचक हवेत, त्याने एकाच फॉन्टच्या दोन फाइली तयार करून ठेवायच्या.

मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत आणखी एक कुलूप होते. फॉन्टच्या फाइलीतच तो कोणत्या संकेतस्थळासाठी आहे हे नोंदवून ठेवलेले असे, आणि पान दुसऱ्या पत्त्यावरून आले तर ब्राउझर तो फॉन्ट वापरण्यास नकार देई. ह्या अटीमागचे कारण समजण्याजोगे आहे. अक्षर काढणे हे कष्टाचे आणि कलेचे काम. त्याचे मोल न देता कोणीही ते उचलून न्यावे, हे अक्षरकारांना मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांची बाजू आम्हांला रास्त वाटते. परंतु ह्या कुलपाचा एक परिणाम तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नसावा, त्याकडे पुढे येऊ.

जे काम आधी ब्राउझरांनी करून दाखवले त्याला लौकरच नियमांतही जागा मिळाली. आंतरजालाची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी ह्या संस्थेने मे १९९८मध्ये पानांच्या मांडणीविषयीचे जे दुसरे प्रमाण जाहीर केले, त्यात पानासोबत फॉन्ट मागवण्याचा नियम समाविष्ट होता. फाइल कोणत्या पद्धतीची असावी, हे मात्र त्यात ठरवलेले नव्हते. येथून पुढचा इतिहास हा माघारीचा आहे. नेटस्केपची सहावी आवृत्ती २००० साली आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती आणि बिटस्ट्रीमची पद्धत तिच्यात घेतलेली नव्हती. त्याच घराण्यातून २००४च्या नोव्हेंबरात आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीतही ती नव्हती. प्रमाणाच्या सुधारून घेतलेल्या आवृत्तीतून तर फॉन्टचा हा नियमच वगळण्यात आला. कारण तांत्रिक आणि काटेकोर होते : ज्या गोष्टी निदान दोन स्वतंत्र आज्ञावलींत सारख्याच चालतात, तेवढ्याच प्रमाणात ठेवायच्या. दोन ब्राउझरांत दोन तऱ्हा असलेली ही सोय त्या कसोटीला उतरणारी नव्हती.

कसोटी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. कागदोपत्री असलेली आणि प्रत्यक्षात न चालणारी प्रमाणे बाळगण्यात काही हशील नसते. पण ही कसोटी सोयीची होती, सोयीत लिहिलेल्या मजकुराची नव्हती. रोमन लिपीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने फॉन्ट म्हणजे पोशाख. तो नाही मिळाला तर पान थोडे साधे दिसते, पण वाचता येते. आमच्या त्या वेळच्या पानांच्या दृष्टीने फॉन्ट म्हणजे खुद्द लिपी. तो नाही मिळाला तर लेखच नाही. एकाच सोयीचे दोन भाषांतले हे दोन अर्थ कोणत्याही कसोटीत मोजले गेले नाहीत.

आता अधिकृत उपाय एकच उरला, तो युनिकोडचा. त्याचा पहिला भाग १९९१च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या 'इस्की'वरच बेतलेली होती. म्हणजे आपल्याकडच्या बाजाराने बाजूला सारलेले प्रमाण परदेशी जाऊन परत आले! विंडोज २०००मध्ये मराठी वाचण्या-लिहिण्याची व्यवस्था आली आणि तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फॉन्ट आला. कवी आणि सुलेखनकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे जोशी. त्यांची अक्षरे किती मराठी माणसांनी किती वेळा वाचली असतील याची गणती नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती कोणाची हे ठाऊकही नसते.

तरीही संकेतस्थळे चालवणारे लगोलग युनिकोडकडे वळले नाहीत, याबद्दल त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्या काळी सायबर कॅफेत आणि घरांत विंडोज ९८ सर्रास होते. त्यावर युनिकोड मराठीच्या जागी चौकोनांची रांग दिसण्याचा संभव फार. एक्सपी आले तरी भारतीय लिपींची व्यवस्था मुळात बंद असे. ती चालू करायला मूळ सीडी घालावी लागे आणि ती सीडी असलेले घर विरळा. उलट डायनॅमिक फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररवर बिनबोभाट चालत होता, आणि बहुसंख्य वाचक तोच वापरीत होते. जे चालते ते मोडून जे उद्या चालेल ते आज स्वीकारावे, हा सल्ला देणाऱ्याला वाचक गमवावे लागत नाहीत. म्हणून 'हे स्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे' अशी ओळ तळाशी टाकून कित्येकांनी वेळ काढला. ही तडजोड होती, पण वाचकांच्या सोयीसाठी केलेली होती.

खरी गफलत वळताना झाली. युनिकोड स्वीकारले गेले तेव्हा पुष्कळ ठिकाणी नवा मजकूर नव्या अक्षरांत येऊ लागला आणि मागील अंक जसेच्या तसे राहिले. पुढे संकेतस्थळाची मांडणी बदलली की तो जुना भाग दुव्यांतून गळे. एखाद्या वर्षी जागेचे भाडे भरायचे राहून जाई. कोणी ठराव करून जुना मजकूर निवृत्त केला, असे क्वचितच झाले असेल. निर्णय न घेणे हाच निर्णय ठरला. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत त्या वर्षांतील जालीय लेखांचे संदर्भ येतात, तेव्हा ते तपासणे हे आमचे काम असते. दुवा बंद असणे ही आता नित्याची बाब. त्याहून चमत्कारिक अवस्था म्हणजे दुवा चालू आहे, लेख पूर्ण आहे, एकही क्रमांक हरवलेला नाही, आणि एकही शब्द वाचता येत नाही. शोधयंत्रांनाही तो सापडत नाही, कारण त्यांच्या लेखी तो मराठी नव्हेच.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे वरकरणी यांत्रिक काम वाटते. ह्या क्रमांकाऐवजी तो क्रमांक, असा दोन रकान्यांचा तक्ता केला की झाले. तक्ता लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही, आणि का भागत नाही हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात आपल्या लिपीचा स्वभाव उघड होतो. तुकड्यांचे फॉन्ट डोळ्यांना दिसणारा क्रम लिहितात, युनिकोड उच्चाराचा क्रम लिहिते. 'स्थिती' हा शब्द घ्या. फॉन्टमध्ये प्रथम ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये स, हलन्त, थ आणि त्यानंतर वेलांटी. तेव्हा परिवर्तकाने वेलांटी हाती घेऊन पुढचे जोडाक्षर कोठे संपते हे ओळखायचे आणि तेथे ती ठेवायची. 'मूर्ती'त नेमके उलट : फॉन्टमध्ये रफार शब्दाच्या शेवटी, 'ती' लिहून झाल्यावर येतो, आणि युनिकोडमध्ये त्याला 'त'च्या आधी न्यावे लागते. शिवाय पुष्कळ फॉन्टांत दीर्घ वेलांटी आणि रफार यांचा मिळून एकच तुकडा असे. तो फोडून दोन ठिकाणी वाटायचा.

काना हा तर अट्टल बहुरूपी. काही फॉन्टांत 'ग' हे पूर्ण अक्षरच नव्हते. अर्धा ग आणि काना मिळून ग. तेव्हा 'गाणे' हा शब्द अर्धा ग, काना, काना, अर्धा ण, काना, मात्रा असा पडे. यातील पहिला काना अक्षराचा दंड, दुसरा स्वराचा, तिसरा पुन्हा दंड. आणि जुळणाऱ्याने घाईत एखादा काना अधिक टाकला, जो कागदावर नजरेतून सुटला, तर परिवर्तनानंतर तो निराळाच शब्द होऊन उभा राहतो. डोळ्यांपुरती केलेली जुळणी डोळ्यांना फसवू शकते. क्रमांकांना ती फसवू शकत नाही.

(येथे एक जुनी गोष्ट आठवते. ऱ्हस्व वेलांटीचा हा आधी-नंतरचा घोळ संगणकाने निर्माण केलेला नाही. छपाई आणि टंकलेखन यांच्या सोयीसाठी तिलाच उजवीकडे आणावे, अशी शिफारस १९५३च्या लखनौच्या लिपीसुधार परिषदेने केली होती. ती टिकली नाही. यंत्रासाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र, ह्या वादाची ती एक फेरी होती. युनिकोडने वेलांटी मनात उजवीकडे आणि पडद्यावर डावीकडे ठेवून तो वाद भलत्याच रीतीने मिटवला.)

सर्वांत बिकट अडचण मात्र मिश्र मजकुराची. रोमन आणि देवनागरी एकाच क्रमांकांवर राहत असल्यामुळे कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये आहे, ही सूचना पानात वेगळी दिलेली असे. कोणी तो लेख साध्या मजकुराच्या रूपात जपून ठेवला, तर ती सूचना गळते. समीक्षालेखांत तर इंग्रजी संज्ञा, ग्रंथांची नावे, अवतरणे भरपूर. सूचनेविना परिवर्तन केले की त्या सर्वांचे देवनागरी शेवाळ होते. आणि ह्या सगळ्यातून पार पडलेला मजकूर शेवटी वाचावा लागतोच. शुद्धिचिकित्सकावर सोपवता येत नाही. संतकाव्यातील रूपे, बखरीतील अवतरणे, बोलीतले संवाद हे सारे त्याला अशुद्धच वाटणार, आणि तो ते 'सुधारून' टाकणार. जुन्या मजकुराची दुरुस्ती म्हणजे मुद्रितशोधन आले, मुद्रितशोधन म्हणजे जाणकार माणसाचे तास आले, आणि त्या तासांचे पैसे देणारे कोणी नव्हते.

युनिकोडमध्ये आल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' ह्या शब्दांतला आडवा अर्धा र हा मराठीचा खास ऐवज. तुकड्यांच्या फॉन्टांत त्याला एक जागा होती, विषय संपला. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आल्या : एक नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, दुसरी साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या, आतून भिन्न. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर साधा शोध तो ओळखत नाही. 'ॲ'चेही तसेच. मराठीतला हा चंद्र डोक्यावर घेतलेला 'अ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर लोक 'अ' लिहून त्यावर स्वतंत्र चंद्र काढीत होते, आणि ते लेखन आजही जागोजाग आहे. २००९च्या नोव्हेंबरातील शासननिर्णयाने मराठी वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले त्यात ॲ आणि ऑ यांना स्थान मिळाले. आंतरजालावरचे आधीचे सारे चंद्र मात्र होते तेथेच राहिले.

परंतु ह्या बाबतीत युनिकोडकारांनी घेतलेली भूमिका आम्हांला लक्षणीय वाटते. त्यांनी एकदा, १९९६ साली, दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांना त्यांच्या आधीच्या जागांवरून हलवले होते. त्यामुळे आधीच्या क्रमांकांत लिहिलेला कोरियन मजकूर निरर्थक झाला. त्यानंतर नियम झाला तो असा की, दिलेला क्रमांक पुन्हा काढून घ्यायचा नाही आणि हलवायचा नाही. एखादे चिन्ह वापरू नये असे सांगता येईल, पण ते पुसता येणार नाही. म्हणूनच आडव्या 'र'ची अदृश्य जोडचिन्हाची रीत केवळ जुन्या आवृत्तीत ती होती म्हणून प्रमाणात सांभाळून ठेवलेली आहे. हा कारभार गबाळा दिसतो, शोधणाऱ्याला त्याचा त्रास होतो, आणि तरीही आम्ही ह्याच बाजूचे आहोत. अडगळ सांभाळण्याचा खर्च एकवार पत्करला की निदान तिच्यातले काही वाचता येणार नाही, असे होत नाही.

मोडीचे उदाहरण येथे अपरिहार्य आहे. मोडीही निवृत्त झाली. मुद्रणाला आणि शाळांना बाळबोधी सोयीची होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचे शिक्षणातले स्थान संपत गेले. त्या निर्णयाचे समर्थन करता येते. पण मोडीत लिहिलेला कागद निवृत्त झाला नाही, कारण काही माणसांनी तो होऊ दिला नाही. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. तेव्हा लिप्यंतर करणाऱ्याला प्रत्येक ओळीत निवड करावी लागे, आणि त्या निवडी करू शकणारी माणसे मोडी चालू असतानाच तयार झालेली होती. लिपी गेल्यावर वाचक घडवणे फार अवघड जाते, हे पुणे पुराभिलेखागारातील न वाचलेल्या रुमालांकडे पाहून कळते. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही क्रमांक मिळाले. निवृत्त लिपीला मिळालेले हे निवृत्तिवेतन म्हणावे काय?

तुलना फार ताणू नये. मोडी ही कित्येक पिढ्यांची लिपी आहे, तुकड्यांचा फॉन्ट हे दशकभराचे तडजोडीचे साधन. पण फरक दुसऱ्या बाजूनेही आहे. मोडी वाचायला माणसाने महिनोन्‌महिने हात आणि डोळा घालावा लागतो. फॉन्टमधील मजकुराची किल्ली म्हणजे जेमतेम दोनशे ओळींचा तक्ता. इतकी स्वस्त किल्ली आपल्या लिपीच्या इतिहासात पूर्वी कधी नव्हती. ज्या फॉन्टांचे असे तक्ते कोणी तरी हौसेने करून सर्वांसाठी मोकळे ठेवले, त्यांतील मजकूर परत आणता आला. ज्या फॉन्टांचे झाले नाहीत, तो राहिला. सोय निवृत्त करण्याला आमचा विरोध नाही. ती दुरुस्त करून चालवत राहणे हा तर शहाणपणाचा मार्ग नव्हताच. आमचे म्हणणे एवढेच आहे की, निवृत्तीच्या निर्णयाबरोबर तक्ता जाहीर करणे हे काम फॉन्टच्या मालकांना दोन दिवसांचे होते, आणि ते करावे असे त्यांना कोणी विचारलेही नसेल.

आणि गंमत अशी की सोयही कायमची गेली नाही. २००८च्या मार्चमध्ये सफारीने, २००९च्या जूनमध्ये फायरफॉक्सने पानासोबत फॉन्ट आणण्याची रीत पुन्हा स्वीकारली. ह्या वेळी सर्वांना मान्य होईल अशी एकच फाइल-पद्धत ठरली आणि डिसेंबर २०१२मध्ये ती प्रमाण झाली. आज मुंबईच्या एक टाइप ह्या अक्षरकारांच्या संस्थेचा 'मुक्ता' कितीतरी मराठी पानांबरोबर असाच पाहुणा म्हणून येतो. पण आता तो पोशाख आहे. आतले क्रमांक युनिकोडचे, त्यामुळे तो न आला तरी लेख वाचता येतो. वगळलेली सोय परत घेताना तिच्यातला दोष काढून टाकता आला, तो ह्यासाठी की दरम्यान लिपीचा प्रश्न दुसरीकडे सुटला होता.

जुन्या पानांना ह्या पुनरागमनाचा उपयोग नाही. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी सेवेतून गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या फॉन्ट-फाइली समजणारा प्रचलित ब्राउझर उरला नाही. इंटरनेट आर्काइव्ह १९९६पासून आंतरजालाची पाने जमवीत आलेली आहे. तिच्याकडे मराठी संकेतस्थळांची त्या काळची पुष्कळ पाने सापडतात, आणि क्वचित पानाशेजारी त्याची फॉन्ट-फाइलही. मघाशी सांगितलेल्या कुलपाचा परिणाम येथे दिसतो. कोणी खटपट करून जुना संगणक आणि जुना ब्राउझर मिळवला तरी पान आता मूळ पत्त्यावरून येत नसते, ते संग्रहाच्या पत्त्यावरून येते, आणि फॉन्ट उघडायला नकार देतो. चोरापासून जपण्यासाठी घातलेली अट ग्रंथपालालाही लागू झाली.

तेव्हा ज्यांच्याकडे काही आहे त्यांनी ते टाकू नये. जुन्या डीटीपी केंद्रांत भिंतीवर किंवा पडद्याच्या कडेला कळफलकाचा तक्ता चिकटवलेला असे : कोणत्या कळीवर कोणता तुकडा. त्याच्या खाली बहुधा हाताने लिहिलेली आणखी एक यादी असे, कळफलकावर न मावलेल्या जोडाक्षरांची, प्रत्येकापुढे आल्ट कळ दाबून मारायचा आकडा : द्ध, द्य, ह्म, श्र, आडवा र. आज ती केंद्रे चालवणारी मंडळी वयाने मोठी झालेली आहेत. त्यांतल्या काहींना हे आकडे अजून तोंडपाठ आहेत.